मावशीच्या सलाईनमध्ये कुणाकुणाचं काम?

प्रश्न: बारावी सायन्सला आहे, गणित घेतलेलं नाही. मावशीला स्तनाचा कॅन्सर झालाय. रिपोर्टवर ‘हर-टू ३+’ होतं, दर तीन आठवड्यांनी तिला ट्रास्टुझुमॅबचं सलाईन लागतं. मला अशा औषधांवरच काम करायचंय. बाबा म्हणतात, मग नीट दे, डॉक्टर हो. काय करू? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: बाबांचं अर्धं बरोबर आहे. ते ‘३+’ लिहिलं पॅथॉलॉजिस्टने. गाठीचा पातळ काप रंगवून हर-टू किती गडद उमटलाय हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. (२+ आलं असतं तर बहुधा फिश नावाची आणखी एक तपासणी लागली असती.) औषध ठरवलं ऑन्कॉलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरने. ही कामं हवी असतील तर नीटला पर्याय नाही.

पण बाटलीतलं औषध? हर-टू हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन. तो बेसुमार वाढला की ‘वाढत राहा’ हा निरोप आत जातच राहतो. ट्रास्टुझुमॅब त्यालाच जाऊन चिकटतं. यामागचे डेनिस स्लेमन डॉक्टर, पण त्यांच्या जोडीचे अ‍ॅक्सेल उलरिच जैवरसायनशास्त्रज्ञ. हर-टूचा आणि आजाराच्या आक्रमकतेचा संबंध १९८७ मध्ये छापून आला. अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली १९९८ मध्ये. मधली वर्षं मोज.

आता डोकेदुखी वेगळी आहे. हा रस्ता अडवला तरी काही गाठी पीआय-थ्री-के नावाच्या आतल्या साखळीतून निरोप चालू ठेवतात. या आडवाटा शोधणं हे पीएचडीवाल्यांचं काम. त्यासाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक ही कॅन्सर-संशोधन संस्था आहे, पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र आहे. रोजचं काम कसं असतं? दिवसभर जेल चालवायचं (पेशीतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची), रात्रभर हवं ते प्रथिन शोधणाऱ्या अँटिबॉडीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर त्या प्रथिनाची पट्टी उमटलेलीच नाही. पुन्हा पहिल्यापासून. हे वाचून कंटाळा आला, की ‘का नाही उमटली?’ असं मनात आलं? तुझं उत्तर तिथेच आहे.

नीट यंदा मनापासून दे, पण निव्वळ ‘कॅन्सरवर संशोधन’ करायचं म्हणून दोन-दोनदा रिपीट नको. आयसर या विज्ञानसंस्थांची प्रवेशपरीक्षा, आयएटी, तिचा फॉर्म भर. गणित नसलं तरी बसता येतं, मात्र ६० पैकी १५ प्रश्न गणिताचेच असतात, तेव्हा अकरावीचं पुस्तक कुणाकडून तरी आण. नाही जमलं तर जवळच बीएस्सी कर, मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेशपरीक्षांमधून एमएस्सी. एवढ्यावर थांबायचं असेल तर बायोकॉनसारख्या कंपन्या आहेत. त्यांनी २०१४ मध्ये भारतात स्वतःचं ट्रास्टुझुमॅब आणलं. बॅचमागून बॅच तपासायला माणसं लागतातच.

पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. हा आकडा बाबांना सांग, आणि पीएचडी संपेपर्यंत तिशी जवळ येते, हेही लपवू नकोस.

मावशीला विचारून तिचा रिपोर्ट पुन्हा उघड. ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक) यांच्यासमोर काय लिहिलंय? तो निरोपाचा दुसरा रस्ता, टॅमॉक्सिफेन हे औषध त्यावर चालतं. कसं, ते शोधून पुढच्या पत्रात तुझ्या शब्दांत लिही.