ऐकत नाहीत की ऐकू येत नाही?

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तोंडी एक वाक्य इतकं ठरलेलं असतं, की ते फॉर्मवर छापूनच घ्यावं असं मला कधीकधी वाटतं. "मॅडम, हे घरात कुणाचं ऐकतच नाहीत." त्याला जोडून बाकीचंही येतं. चिडचिड वाढलीये, टीव्ही मोठ्याने लावतात, विचारावं एक तर उत्तर भलतंच देतात, लग्नकार्याला गेलं की कोपऱ्यात मुकाट बसून राहतात. आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "माणसाचा स्वभाव असा कसा हो बदलतो? डोक्याचं तर काही नसेल?"

याचं उत्तर देण्याआधी मी स्वतः कशी चुकले ते सांगते. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

हे दादा साकीनाक्याजवळच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर आहेत. पत्र्यातून वॉशर आणि ब्रॅकेट कापायचं काम. वय 46, प्रेसवर 19 वर्षं. राहायला असल्फ्याला. त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. पहिल्या दोन बैठकांत मी रागावरचं सगळं ठरीव काम केलं. राग कधी येतो ते वहीत लिहा, श्वास मोजा, उत्तर देण्याआधी दहा आकडे म्हणा. दादा प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणाले. मी टिपणात लिहिलं, 'सहकार्य करतात, पण मनापासून नाही.' ते वाक्य आज वाचलं की लाज वाटते.

तिसऱ्या वेळी नववीतली मुलगी बरोबर आली. तिचं दुखणं वेगळंच होतं. "पप्पांना दादाचं सगळं ऐकू येतं, माझंच येत नाही. मी मुलगी आहे ना." मोठ्या भावाचा आवाज फुटलेला, आणि तो पैसे मागायला का होईना, समोर उभा राहून बोलतो. ही बारीक आवाजात, भरभर, दप्तर भरता भरता बोलणार. बैठक संपत आली तेव्हा ती वडिलांच्या मागे, दोन हातांवर उभी होती. म्हणाली, "पप्पा, निघायचं का? साडेसात झाले." दादा माझ्याकडे बघत बसून राहिले. तिने पुन्हा विचारलं, तरी काही नाही. तेवढ्यात खाली रस्त्यावर बेस्टची बस घरघरत थांबली आणि दादा खिडकीकडे वळून म्हणाले, "बस आली वाटतं."

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, आता तुम्हीच बघा. मी मात्र वेगळंच बघत होते. जाडा, घुमणारा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचत होता आणि दोन हातांवरचा बारीक आवाज पोचत नव्हता.

मग पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले, या वेळी त्यांच्या समोर बसून, सावकाश. गाळ्यात एकमेकांशी बोलता कसे? "बोलत नाही, खुणा करतो." त्यांनी हाताने दाखवलं. दोन बोटं म्हणजे चहा, मनगट फिरवलं की माल संपला. कामावरून सुटल्यावर कान कसे वाटतात? "आधी कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, रविवारपर्यंत मोकळं व्हायचं. आता तसं काही होत नाही." हे सांगताना त्यांना ती सुधारणा वाटत होती. आणि रात्री? "रातकिडे असतात ना." असल्फ्याच्या चाळीत बारा महिने रातकिडे! ताई म्हणाल्या, "कुठले रातकिडे? मला नाही कधी ऐकू आले."

आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसांसारख्या टोकांच्या नाजूक पेशी असतात, एका कानात साधारण 15,000. आवाजाने त्या वाकतात. आवाज मोठा आणि फार वेळ असेल, तर आधी थकतात आणि विश्रांती मिळाली की सावरतात. कापूस कोंबल्यासारखं वाटणं आणि रविवारपर्यंत मोकळं होणं ते हेच. रोज मार बसत राहिला की त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दादांचे रातकिडे म्हणजे कानातच उमटणारा आवाज, तोही यातलाच. पहिला फटका वरच्या पट्टीला बसतो. स, श, त, ख, फ ही हवेच्या जोरावर उमटणारी अक्षरं त्याच पट्टीतली. म्हणून माणूस सांगतो, "बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही." आणि घरचे म्हणतात, "क्रिकेटची कॉमेंट्री बरी कळते!" वर आणखी एक विचित्र गोष्ट होते. हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की तो एकदम कानठळ्या बसवतो. ताई पहिल्यांदा साध्या आवाजात सांगणार, दुसऱ्यांदाही तशाच, तिसऱ्यांदा ओरडणार, आणि दादा भडकणार, "ओरडतेस कशाला?" दोघंही आपापल्या जागी खरे.

चिडचिडीला दुसरंही कारण आहे. सततच्या दणदणाटात शरीर आपलं धोक्याच्या तयारीत राहतं. नाडी चढते, रक्तदाब वाढतो, झोप विस्कटते. वर्षानुवर्षं अशा आवाजात काम करणाऱ्यांत रक्तदाबाचा त्रास जास्त दिसतो. दादांचा तपासला तर तोही वर होता. कशामुळे किती, ते मी सांगणार नाही. तंबाखूही होतीच.

शीवच्या पालिका रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात त्यांची श्रवण चाचणी झाली. मुलगी बरोबर गेली होती. आलेख हातात आला तसा तिने तो गणिताच्या वहीसारखा वाचला. रेघ सरळ येते, 4000 हर्ट्झला, म्हणजे वरच्या पट्टीत, खाली कोसळते आणि 8000 ला थोडी वर चढते. आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच. घरी जाताना ती काही बोलली नाही म्हणे, नुसती पप्पांच्या पुढे चालत राहिली आणि मध्येमध्ये वळून बघत राहिली.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आमच्याकडे सगळे म्हणायचे, "गिरणीवाले मोठ्यानेच बोलतात." ही एक तऱ्हा म्हणून आम्ही हसायचो. भोंग्यावर दिवस लावणाऱ्या शहरात हा आजार आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

कायद्याला मात्र तो माहीत होता. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने आलेला बहिरेपणा आजार म्हणून नोंदवलेला होता. कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4 तास, 100 ला 2 तास आणि 115 च्या वर क्षणभरही नाही, असा हिशेब होता. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था तर 8 तासांसाठी 85 वरच थांबायला सांगते. डेसिबलचा हिशेब रुपयांसारखा नसतो, 3 ने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. मोजायचं यंत्र गाळ्यात कुठून येणार? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर कानाला धोका आहे असं धरून चालायचं.

"मग काम सोडू का?" दादांनी विचारलं. 46 व्या वर्षी, मुलगा कॉलेजात असताना, असला सल्ला मी देत नाही. प्रेसखाली रबराचे पॅड, आणि माल पडतो त्या पत्र्याच्या डब्यात रबराची चटई, एवढं तरी मालकाकडे मागा म्हटलं. चटई आली, पॅड नाहीत. कापसाचा बोळा ते घालत होतेच, त्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे प्लग त्यांना आमच्या बाकावर बसवून शिकवले. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी दोनदा निसटला. त्यांची शंका अगदी कामगाराची होती. "पत्रा कापणारा पंच बोथट झाला की आवाजावरून कळतं. कान बंद केल्यावर कसं कळणार?" आठवड्याने स्वतःच म्हणाले, "कळतं. वेगळं ऐकू येतं, पण कळतं."

गेलेलं परत येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. उरलेलं राखायचं. कानयंत्राची गोष्ट काढली तर म्हणाले, "मालकाने पाहिलं तर?" तो विषय अजून तिथेच अडलाय. कानात कोमट तेल घालणं तेवढं बंद केलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळही निघतो. एकच कान एकाएकी, दिवसभरात गेला असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो प्रकार वेगळा आहे आणि त्यात वेळ फार महत्त्वाचा. घरात बोलताना आधी खांद्याला हात लावा, समोर या, मिक्सर बंद करा आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोला. या घरातली मुलगी आता पप्पांच्या खांद्यावर दोनदा टिचकी मारते. पैसेही मागते.

ताई मात्र शेवटच्या बैठकीत गप्प होत्या. दादा आणि मुलगी जिना उतरून गेल्यावर त्या दारात थांबल्या.

"ह्यांना ऐकू येत नव्हतं, हे समजलं. पण इतकी वर्षं मी जे ऐकून घेतलं, त्याचं काय?"

मी डायरी उघडून गुरुवारची संध्याकाळ त्यांच्या एकटीच्या नावावर लिहिली.