आठवडी बाजारात तासभर नुसतं स्थिर उभं राहिलं तर ती कला होते का? आणि त्याचा फोटो कसा काढायचा?

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. धान निघालं की इकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या नाटकांचे आणि लग्नांचे फोटो काढणं हा माझा धंदा, म्हणून आधी फोटोचं सांगतो.

बहुतेक जण इथेच फसतात. कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंदावर ठेवलं तर भाजीवाली, सायकलवाला, पळणारं पोरगं, सगळेच गोठतात. मग मुद्दाम थांबलेला माणूस त्यांच्यातून वेगळा कसा दिसणार? स्थिरता दाखवायची तर शटर हळू करा. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला शोधक दागेर, त्याचा पॅरिसच्या रस्त्याचा १८३८ चा फोटो बघा. रस्ता वाहता होता, पण एक्सपोजर काही मिनिटांचं असल्याने चालणारे सगळे पुसले गेले. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस.

तुम्ही ट्रायपॉड लावा आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान), शटर दोन सेकंद यावर सुरू करा. गर्दीचा धूर होईल, तुम्ही तेवढे कोरीव याल. भर उन्हात मात्र एनडी फिल्टरशिवाय, म्हणजे लेन्सवर लावायच्या प्रकाश कमी करणाऱ्या काळ्या काचेशिवाय, जमणार नाही.

आता कलेचं. स्वतःच्या शरीरालाच कलेचं माध्यम करणारी कलाकार मरीना अब्रामोविच २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १४ मार्च ते ३१ मे, संग्रहालय उघडं असेल त्या दिवशी, खुर्चीवर बसून राहिली. समोरच्या खुर्चीवर कोणीही यावं, बसावं, बोलायचं नाही. मध्ये टेबल होतं, तेही पुढे काढून टाकलं. कित्येक जण तिच्यासमोर रडले. ती नुसती बसली होती हे खरं, पण समोरच्याकडे बघत बसली होती. रिकामं उभं राहणं आणि हे, यात फरक तेवढाच, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे.

आमच्याकडे नाटकाचा अंक संपताना नट टॅब्लो धरतात, म्हणजे चित्रासारखे जागच्या जागी थिजून उभे राहतात. लांब लेन्समधून बघितलं तर धड दगडासारखं असतं, पण खांद्यावरच्या उपरण्याची किनार बारीक थरथरत असते. ती थरथर लपवू नका, बघणारा तिथेच अडकतो. गुडघे मात्र ताठ आवळू नका. पायांत रक्त साचून चक्कर येते. किंचित सैल ठेवा आणि मधूनमधून पोटऱ्या आवळा, बाहेरून कळत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. शहरात लोक बघून पुढे जातील, गावात जाणार नाहीत. "काऊन उभा आहेस गा?" असं विचारतील, उत्तर आलं नाही की तेही भोवती उभे राहतील. थोड्याच वेळात अख्खा घोळका थांबलेला, म्हणजे फोटोत धूर करायला कोणी उरतच नाही. त्यामुळे तुमचे फोटो सुरुवातीलाच उरकून घ्या आणि घोळका जमला की कॅमेरा त्यांच्याकडे वळवायला मित्राला सांगून ठेवा. मला विचाराल तर खरं काम तेव्हाच सुरू होतं.