पालकांसाठी वेगळं ॲप घ्यायचं का? राधानगरीच्या मॅडमना उत्तर

मॅडम, तुमचा दुसरीचा वर्ग आहे, ग्रुपवर पालक काहीच उत्तर देत नाहीत, म्हणून पैसे भरून शाळेचं वेगळं ॲप घ्यावं का असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, आत्ता घेऊ नका. नवीन ॲप पालक तुमच्या शब्दाखातर घेतील, पासवर्ड विसरतील आणि फोनची मेमरी भरली की पहिलं तेच उडवतील. व्हॉट्सॲपवर ते आहेतच, तेच नीट वापरूया की.

आधी बघा फोन घरात कुणाकडं आणि किती वाजता असतो. आमच्या करवीरच्या बाजूला बऱ्याच घरात चांगला फोन एकच, तो वडिलांबरोबर गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोलीला शिफ्टला जातो, मग दुपारी टाकलेला अभ्यास पोरगं झोपल्यावर घरात पोचतो. आईचं संध्याकाळी धारा काढून डेअरीला दूध घालून येईपर्यंत डोकं वर निघत नाही. म्हणून मेसेज साडेसातच्या पुढं, आणि दिवसाला एकच. दहा फॉरवर्डमध्ये आपला एक कामाचा मेसेज कोण शोधत बसणार?

आणि टाइप करू नका, बोला. अर्ध्या मिनिटाचं व्हॉइस, घरात बोलतो तसं. उदाहरणार्थ, "उद्या पोरांच्या खिशात वीस चिंचोके घालून पाठवा, दहा-दहाचे ढीग करायला शिकवणार हाय. आणि आज भाकरी थापताना तेवढं विचारा, टोपलीत चार हायत, अजून तीन टाकल्या तर किती? उत्तर पोराच्याच आवाजात मला पाठवा." हे वाचता न येणारी आजीसुद्धा ऐकते आणि नातवाला विचारते. पोराचा आवाज पाठवायचा म्हटलं की आया हौसेनं पाठवतात, नुसत्या "सूचना वाचावी" ला कोण काय उत्तर देणार? तुमच्या वरच्या वाड्यांत रेंजची बोंब असते, तिथं व्हिडिओ अडकतो पण एवढं व्हॉइस जातं.

वर्गाचा ग्रुप फक्त ॲडमिन पाठवतील असा करा. शक्य असेल तर व्हॉट्सॲप कम्युनिटी करून तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना घ्या, त्यात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आयांच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. एखाद्या पोराचे मार्क, गैरहजेरी, मारामारी यातलं काहीही ग्रुपवर नको, सरळ फोन करा. आणि पहिला फोन कौतुकाचा असू द्या, नाहीतर शाळेचा नंबर दिसला की माणसं घाबरतात.

पावसाळ्यात तर हा ग्रुप लईच कामाला येतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की गेल्या वर्षीचा सुट्टीचा आदेश परत फिरायला लागतो, ४३ ला धोका पातळी, तोवर निम्मी गावं गोंधळलेली. त्यावेळी मुख्याध्यापकांच्या आवाजात तारीख आणि वार सांगून एक व्हॉइस टाकलं की पालक बाकीचं सोडून त्यावर विश्वास ठेवतात. फक्त ही सवय आधीपासून लागलेली पाहिजे, पूर आल्यावर सुरू करून चालत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आहेतच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकात क्यूआर कोड वापरून दाखवले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांनाच मिळाला, म्हणजे हे आपल्यासारख्याच शाळेतून आलेलं आहे. हे कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात, त्यावर तुम्ही रेंजमध्ये असताना धडा डाउनलोड करून ठेवा, मग वर्गात नेट नसलं तरी चालतो. कॅमेरा खराब असेल तर कोडखालची सहा अक्षरं टाइप केली तरी धडा उघडतो.

ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नाही त्यांची यादी वेगळी ठेवा, त्यांना साधा फोन नाहीतर वहीत चिठ्ठी. त्या पोरांना "मेसेज बघितला नाही का" असं वर्गात कधीही विचारू नका. जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पालक आले की सगळे नंबर परत तपासा, रिचार्जच्या ऑफरपायी सिम बदललेली असतात, आणि तिथंच समोर बसून त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून द्या, कारण कधी ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्टनं, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायचा झाला, तर तो तुमचा नंबर सेव्ह असलेल्यालाच जातो.