पानं लावणाऱ्यांचे प्रश्न: जुन्या फाइली, तुटलेली जोडाक्षरं आणि नवी फीचर्स

प्रश्न: आमच्या संस्थेच्या मासिकाचे सगळे जुने अंक पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि फॉन्टही त्याच काळातले, म्हणजे फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो तसले. आता अडोबीचं पानं लावायचं नवीन सॉफ्टवेअर, इनडिझाइन, घेतलंय, पण ते पेजमेकरची फाइल उघडतच नाही. निवडक लेखांचं पुस्तक करायचंय. सगळं परत टाइप करावं लागेल का?

उत्तर: नाही, परत टाइप अजिबात करू नका. पेजमेकरची ७ ही शेवटची मोठी आवृत्ती, २००१ ची, आणि २००४ मध्ये अडोबीने त्याचं काम थांबवलं. इनडिझाइनच्या सीएस६ या जुन्या आवृत्तीपर्यंत पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडायची सोय होती, नंतर ती काढून टाकली. म्हणून कुणाकडे सीएस६ चालू असलेलं मशीन असेल तर तिथे फाइल उघडून सेव्ह करा, ती फाइल तुमचं नवीन इनडिझाइन उघडेल. ते जमत नसेल आणि पेजमेकर अजून कुठे चालत असेल तर प्रत्येक लेखाचा मजकूर आरटीएफ (वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) करून बाहेर काढा, कारण पुस्तकासाठी तुम्हाला मजकूर हवाय, जुनी पानं तशीही नव्याने लावायचीच आहेत.

पण फाइल उघडली म्हणजे काम झालं असं समजू नका, खरं काम पुढेच आहे. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं, त्यामुळे शोधा म्हटलं तर सापडत नाही, ई-बुक केलं तर मोबाईलवर नुसती खिचडी दिसते, आणि नवीन सॉफ्टवेअरमधलं एकही मजकुरावर चालणारं फीचर त्याला लागू होत नाही. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये न्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. तुमच्या नेमक्या फॉन्टसाठी असलेलाच कन्व्हर्टर वापरा, कारण प्रत्येक जुन्या फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी होती. आणि सगळी फाइल एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकू नका, आधी लेखात मधेमधे आलेले खरे इंग्रजी शब्द वेगळे काढा, नाहीतर त्यांचीही मराठी अक्षरं होऊन बसतात.

कन्व्हर्ट झाल्यावर कुठे बघायचं ते सांगते. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार, ही दोन ठिकाणं सगळ्यात कच्ची. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचं उलट आहे, आणि कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, जोडाक्षर लांब असलं की तो हमखास चुकतो. मग 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' असे शब्द मुद्दाम शोधून बघा, तिथे अर्थच बदलतो. तिसरं म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या नियमांवर बनलेले कन्व्हर्टर 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवतात, डोळ्यांना ते बऱ्याचदा सारखंच दिसतं पण शोधताना आणि सूची करताना दोन वेगळे शब्द होतात. एकदा शोधा-बदला करून सगळे सरळ करून घ्या.

आणखी एक. जुन्या फॉन्टपैकी काही टाइप १ प्रकारचे असतील तर अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा सपोर्ट बंद केलाय, ते फॉन्ट नवीन इनडिझाइनच्या यादीत येणारच नाहीत. म्हणून जुने अंक आहेत तसे जपायचे असतील तर जुनं मशीन बंद पडायच्या आत प्रत्येक अंकाची पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत एम्बेड करून. हे काम लांबणीवर टाकू नका.

प्रश्न: मजकूर युनिकोडमध्ये आहे, वर्डमध्ये छान दिसतो, पण इनडिझाइनमध्ये आणला की जोडाक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. फॉन्ट चार वेळा बदलून झाले.

उत्तर: फॉन्टचा दोष नाही, कंपोजर, म्हणजे अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग, चुकीचा लागलाय. पॅराग्राफ स्टाइल उघडा, त्यात जस्टिफिकेशन नावाचा भाग आहे, तिथे कंपोजर म्हणून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. साधा कंपोजर रोमन लिपीच्या हिशोबाने चालतो, देवनागरीतली अक्षरं जोडायचे नियम त्याला कळत नाहीत. हाच बदल कुठलंही डॉक्युमेंट उघडलेलं नसताना केला तर पुढच्या प्रत्येक नवीन फाइलला आपोआप लागतो, तेव्हा एकदाच करून टाका.

तिथेच स्टाइलमध्ये भाषा मराठी करा, हे बरेच जण विसरतात. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच ती बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाचा 'ल' छापून येतो आणि वाचणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही. तिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट आहे, त्यात तर मराठी वळणंच मुळात दिलेली आहेत. पुस्तकाच्या मजकुराला तो मला फार आवडतो.

आणि आता स्टाइल उघडलीच आहे तर लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवा. कॉलम अरुंद असला की दोन्ही बाजू सरळ करायला सॉफ्टवेअर अक्षरांमध्ये जागा घालायला बघतं, रोमनमध्ये ते खपून जातं पण देवनागरीत शिरोरेघ तुटते, आणि तुटलेली शिरोरेघ म्हणजे पान गेलंच. त्याऐवजी ग्लिफ स्केलिंगला, म्हणजे अक्षराची रुंदी किंचित कमी-जास्त करायला, ९७ ते १०३ टक्के एवढी थोडी मोकळीक द्या, ती डोळ्यांना कळत नाही. तरीही ओळीत भोकं पडत असतील तर सरळ डावीकडून लावा, उजवी कड मोकळी सोडा.

प्रश्न: नवीन आवृत्त्यांमध्ये एआय आलंय म्हणे. आम्ही तिघंच जण मिळून अंक काढतो. त्यासाठी अपग्रेड करावं का?

उत्तर: फक्त त्यासाठी नको. २०२४ पासून इनडिझाइनमध्ये शब्द लिहून चित्र बनवता येतं, आणि चित्र फ्रेमला कमी पडत असेल तर कडेचा भाग वाढवूनही मिळतो. यातलं दुसरं खरंच कामाचं आहे, उभा फोटो आडव्या जागेत बसवायचा असतो आणि बाजूला नुसतं आकाश किंवा भिंत हवी असते तेव्हा. पण बातमीतला, कार्यक्रमातला फोटो असा वाढवू नका. जे तिथे नव्हतं ते आपण छापतोय हे वाचकाला कळत नाही, आणि वाचकाचा विश्वास गेला तर तो परत मिळत नाही. छपाईचा हिशोबही डोक्यात ठेवा: २००० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) जेमतेम १७ सेंटीमीटर होतं, स्क्रीनवर भरगच्च दिसलेलं चित्र पानभर ताणलं की मऊ पडतं.

तिघांच्या टीमला वेळ वाचवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी जुनीच आहे, ग्रेप स्टाइल, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर ओळखून त्याला आपोआप रूप देणारी सोय, २००८ च्या सीएस४ मधली. पॅराग्राफ स्टाइलमध्ये एकदा सांगून ठेवायचं की कंसातला मजकूर असा दिसू दे, ० ते ९ हे आकडे अमुक फॉन्टमध्ये येऊ दे, ओळीच्या सुरुवातीला 'प्रश्न:' आला की ठळक कर, की मग पुढचे सगळे अंक ते आपोआप होतं, कुणी हाताने सिलेक्ट करत बसत नाही. आकड्यांच्या नमुन्यात देवनागरी ० ते ९ स्वतः टाइप करून द्या. नवीनपैकी शेअर फॉर रिव्ह्यू वापरा. लिंक पाठवली की संपादक ब्राउझरमध्ये पानावरच शेरे मारतात आणि ते थेट तुमच्या फाइलमध्ये दिसतात. पीडीएफवर मारलेले शेरे फाइलमध्ये आणायची सोय त्याआधीच, २०१९ च्या आवृत्तीत आली होती. प्रूफं इकडून तिकडे पाठवताना कुठला शेरा कुठल्या प्रतीतला हा जो गोंधळ होतो ना, तो यातून खूपच कमी होतो.

प्रश्न: सॉफ्टवेअरवर खर्च करणं शक्य नाही. मराठी नीट लागेल असं मोफत काही आहे का?

उत्तर: आहे, स्क्रायबस. पण आवृत्ती बघून घ्या. १.४ मध्ये मराठी लावायचा प्रयत्न करून लोकांनी स्क्रायबसला नावं ठेवली, ती तेव्हा बरोबरच होती, कारण त्यात जोडाक्षरांची सोयच नव्हती. नंतर हार्फबझ नावाचं अक्षरं जोडणारं इंजिन आत घेतलं, तेच जे लिबरऑफिसमध्येही आहे, आणि १ जानेवारी २०२४ ला १.६ ही स्थिर आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी व्यवस्थित लागते. तळटिपांची सोयही १.६ मध्ये आहे, तरी संशोधनाचं पुस्तक असेल तर मी स्क्रायबस सुचवणार नाही. कवितासंग्रह, पत्रिका, छोटं मासिक, यांना एकदम योग्य.

ॲफिनिटीबद्दलही तिघाचौघांनी विचारलंय, कारण कॅनव्हाने २०२४ मध्ये ते बनवणारी सेरिफ कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन ॲफिनिटी मोफत केलं. पान लावायला ते फार सुंदर आहे यात वाद नाही. पण १ आणि २ या दोन्ही आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं लागत नव्हती. म्हणून नवीनमध्ये अंक सुरू करायच्या आधी 'र्स्त्य', 'ष्ट्री', 'द्ध्व', 'ऱ्हि' असला मजकूर टाकून, पीडीएफ काढून, मोठं करून बघा. एक अक्षर जरी फुटलं तरी थांबा.

प्रश्न: अंकाचा आकार ए४ वरून ए५ करतोय. सगळी टेम्प्लेट नव्याने करायची का?

उत्तर: इनडिझाइन २०१९ किंवा पुढचं असेल तर ॲडजस्ट लेआउट वापरा, आकार आणि मार्जिन बदलले की फ्रेमा त्या प्रमाणात सरकतात. फक्त फॉन्ट साइज बदलायचा पर्याय बंद ठेवा किंवा त्याला किमान आकडा द्या, कारण ए४ चं ए५ होताना सगळं साधारण ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे ११ पॉइंटचा मजकूर ८ च्या खाली जातो आणि त्यात उकार, रफार वाचता येत नाहीत. कॉलमही तीनाचे दोन किंवा एक करा. म्हणजे टेम्प्लेटवर हात फिरवावाच लागेल, पण कोऱ्या पानापासून सुरुवात नाही.

प्रश्न: माझी फाइल सहकाऱ्याच्या जुन्या इनडिझाइनमध्ये उघडत नाही.

उत्तर: आयडीएमएल, म्हणजे इनडिझाइनचीच पण जुन्या आवृत्त्यांनाही वाचता येणारी फाइल, करून पाठवा, सीएस४ आणि त्यापुढचं कुठलंही इनडिझाइन ती उघडतं, स्क्रायबस आणि ॲफिनिटीसुद्धा. त्यात लिंक केलेली चित्रं नसतात, म्हणून पॅकेज कमांड वापरली तर उत्तम, फॉन्ट, चित्रं, आयडीएमएल आणि पीडीएफ सगळं एका फोल्डरमध्ये मिळतं. नवीन आवृत्तीतली फीचर्स जुन्यात गळून पडतात आणि ओळी थोड्या इकडेतिकडे होऊ शकतात, तेव्हा सोबतची पीडीएफ शेजारी ठेवून त्यांना पानं ताडून बघायला सांगा.