ग्वाल्हेरकरांनी का लाजावं?

प्रश्न : लग्नानंतर मी पुण्याहून ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहायला आले. माहेरी गेलं की भाऊ हमखास विचारतो, "काय म्हणतात डाकू?" युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं, त्यावरही तो हसला. काय सांगू त्याला?

उत्तर : आधी भूगोल सांगा. डाकूंची ती चंबळ नदी मुरैनाच्याही पलीकडे आहे, आपल्या शहरातून वाहत नाही. मात्र वरातीत हवेत गोळ्या झाडणारे महाभाग आपल्याकडे आहेत, ते नाकारू नका.

मग विचारा, महाराष्ट्रात खयाल गायकी रुजवली कोणी? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यांचे गुरू ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी, आणि जोशीबुवांचे गुरू हस्सू खाँ. बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भाऊ ज्या गाण्याला मान डोलावतो, त्याचा एक मोठा झरा इथलाच.

तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेची पानं चघळली की गळा सुधारतो म्हणतात. सासूबाईंनी मलाही खायला लावली होती. दात आंबले, गळा होता तसाच!

माझी खरी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. तानसेन समारोहाला नटूनथटून जातील, पण १९१८ पासूनच्या माधव संगीत महाविद्यालयात मुलांना घालतील, तर शपथ. तुम्ही तरी घाला. आणि भावाला डिसेंबरात समारोहाला बोलवा. थंडी कडाक्याची असते, स्वेटर आण म्हणावं.