‘फसलं तर?’ म्हणजे नेमकं किती?

‘बुटीबोरीत बारा वर्षं झाली जी. पगार एक तारखेला येतो, तक्रार नाही. पण स्वतःचं काम सुरू करायचं पाच वर्षांपासून मनात आहे. संक्रांतीला ठरवतो, होळीपर्यंत गळून जातं. फसलं तर?’

नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका 36 वर्षांच्या गृहस्थांचं समुपदेशनाच्या पहिल्या भेटीतलं हे बोलणं. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र इतक्या जणांचा आहे की नाव कोणाचंही घालावं. ते बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. मोटार, पंप, पॅनेल हे त्यांचं हातचं काम. बेत असा, की कूलरची दुरुस्ती आणि हंगामापूर्वीची सर्व्हिसिंग करायची आणि पुढे मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचं, छोटं दुकान टाकायचं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर नेणाऱ्या गावात कूलरवाल्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. कसब होतं, मागणी होती, तरी पाच वर्षं पाऊल उचललं गेलं नव्हतं.

अशा माणसाला ‘हिंमत करा’ म्हणणं निरुपयोगी असतं. भीती टिकते ती टाळण्याच्या सवयीवर. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरतं. हा हलकेपणा खरा असतो, म्हणून मन तो लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर टाळतं. दरम्यान, जे टाळलं ते खरंच तितकं भयंकर होतं का, हे तपासलंच जात नाही.

म्हणून पहिलं काम अगदी साधं दिलं: ‘फसलं तर’ हे वाक्य पूर्ण करा. मग काय होईल? आणि तसं झालं तर त्याचा तुमच्या लेखी अर्थ काय? त्यांची उत्तरं अशी उतरत गेली: ‘गिऱ्हाईक मिळणार नाही. पैसे बुडतील. घरच्यांसमोर मान खाली जाईल.’ मग बराच वेळ शांतता. ‘आणि मी बाबांसारखा होईन.’

वडिलांचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान होतं, ते बंद पडलं. मुलगा तेव्हा 12 वर्षांचा. कपाटातले दागिने गेलेले त्याला आठवत होते, कारण मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ‘धंदा आपल्या रक्तात नाही’ एवढं एक वाक्य घरात उरलं होतं. पुढच्या भेटीपर्यंत वडिलांना एकच विचारून या, असं सांगितलं: दुकान नेमकं कशामुळे गेलं? दोन आठवडे ते टाळत राहिले. तिसऱ्या आठवड्यात विचारलं. दुकान चांगलं चालत होतं. वडील एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि मित्राने हप्ते थकवले. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तेच वडिलांच्या वाट्याला आलं होतं.

जोखमीचे दोन प्रकार इथे वेगळे करावेच लागतात. एक, जिच्यात जास्तीत जास्त किती जाईल हे आधी सांगता येतं. दुसरी, जिला तळ नसतो: दुसऱ्याच्या कर्जाला जामीन, उधारीच्या पैशावर केलेली सट्टेबाजी, घर गहाण ठेवून पहिल्याच फटक्यात मोठी गुंतवणूक. दुसऱ्या प्रकाराला भिणं हे शहाणपण आहे, ते घालवू नये. या गृहस्थांनी पहिल्या प्रकारच्या कामाला दुसऱ्या प्रकाराची भीती चिकटवली होती.

मग पैशाचा हिशेब, पत्नीला सोबत बसवून. एकट्याने केलेला हिशेब घरी गेल्यावर टिकत नाही. घरखर्च हप्त्यासकट महिना 31,000. बँकेत मुदत ठेव 2,30,000. सहा महिन्यांचा खर्च 1,86,000, त्याला हात लावायचा नाही. उरले 44,000. त्यावरून हरण्याची हद्द ठरली 40,000 रुपये आणि तारीख 30 जून. यातलं जे आधी येईल तिथे थांबायचं, मग मन काहीही म्हणो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हिशेबात धरली नाही. ती नोकरी सुटल्यावरची पुंजी आहे, प्रयोगाचं भांडवल नव्हे. आणि राजीनामा तर मुळीच नाही. आठवड्याची सुट्टी रविवारी, म्हणून काम फक्त रविवारी.

पत्नीने एक नेमका प्रश्न विचारला: ‘अहो, चाळीस हजार गेले तर घरात काय बदलेल?’ उत्तर निघालं, दिवाळीत घरात काही नवीन येणार नाही आणि मुलीची सायकल वर्षभर लांबेल. पाच वर्षं ज्याची धास्ती होती, ते एवढंच निघालं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा नुकसानीची कळ मनाला जास्त लागते. त्यामुळे आकडा न घातलेलं नुकसान मनात फुगतच जातं. कागदावर आलं की त्याला कडा येतात.

पैशाची भीती अशी उतरली, लाजेची उतरली नाही. तिच्यासाठी पायऱ्यांची वही केली. प्रत्येक कृतीसमोर भीतीचा आकडा, 0 ते 100. अनोळखी गिऱ्हाइकाकडे पैसे घेऊन पहिलं काम: 50. साळ्याला बेत सांगणं: 55. वस्तीतल्या किराणा दुकानात स्वतःच्या नावाचा कागद लावणं: 60. नातेवाइकाला उधारी नाकारणं: 85. कृतीच्या आधी ‘काय होईल असं वाटतं’ हे लिहायचं आणि संध्याकाळी ‘काय झालं’ हे लिहायचं. आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण नंतर मन आपलं भाकीत सोयीने बदलतं.

पहिली गडबड इथेच झाली. मार्चमधल्या पहिल्या दोन रविवारी त्यांनी सहा कूलर केले, सगळे फुकट. ‘आधी ओळख तर होऊ द्या.’ वहीत भीती 50 ची 50. याचं कारण समजून घ्यायला हवं: फुकट कामाला कोणी नावं ठेवत नाही, म्हणून त्यात परीक्षाच होत नाही. भीतीला चुकवणारी अशी पळवाट ठेवून कितीही सराव केला तरी भीतीचा आकडा हलत नाही. तिसऱ्या रविवारी प्रत्येकी 450 रुपये घेतले, कूलरच्या गवती ताट्यांचे वेगळे. पैसे मागताना आवाज अडकला, असं वहीत आहे. चौथ्या गिऱ्हाइकापाशी आकडा 20 वर आला होता.

दुसरी गडबड उलट दिशेची. हुरूप आला आणि एप्रिलमध्ये एका रविवारी 11 ठिकाणं धरली. भर दुपारी, घाईत. एका घरी टाकीतली पाण्याची पातळी न बघता पंप सुरू करून दिला. पंप कोरडा फिरला आणि जळाला. दुसरीकडे कूलरच्या पत्र्याला झिणझिण्या येत असल्याचा रात्री फोन आला, सॉकेटचं अर्थिंगच जोडलेलं नव्हतं. पुढच्या भेटीत खांदे पडलेले. ‘बघा, मी म्हटलं होतं ना.’

‘मी नालायक’ हे वाक्य बाजूला ठेवून प्रत्येक चुकीला कारण आणि उपाय लिहायला लावला. पंप: पाणी भरून पातळी बघितल्याशिवाय बटण नाही, नवीन पंपाचे 650 रुपये स्वतः भरायचे. झटका: आधी मल्टिमीटरने सॉकेट आणि अर्थिंग तपासायचं, मगच कूलरला हात, आणि अर्थिंग नसेल तर काम नाकारायचं. ठिकाणं: दिवसाला पाचपेक्षा जास्त नाहीत, दुपारी बारा ते चार बंद. दोन्ही घरी त्यांनी जाऊन माफी मागितली. भाकीत होतं, ‘दारातून हाकलतील.’ एकाने खरंच चार शब्द सुनावले. दुसऱ्याने चहा दिला.

भीतीवर काम करताना एक गोष्ट आम्ही आधी पाहतोच. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, उत्साह गेलेला असेल, छातीत धडधड थांबत नसेल, तर जोखमीचे निर्णय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. जगणं नकोसं वाटत असेल तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच बोलावं. तिथे रात्रंदिवस, मोफत बोलता येतं.

30 जूनचा हिशेब असा. पैसे घेऊन केलेले कूलर 58, येणं झालं 26,100. त्यातले 1,350 बुडाले. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ड्रिल अशी हत्यारं 11,200, पेट्रोल आणि किरकोळ 4,300, जळालेला पंप 650. हातात 8,600. मोठी रक्कम नाही, पण 40,000 ची हद्द लांबच राहिली. त्याच हिशेबाने दुसरंही दाखवलं: कूलर चार महिने पोसतो, उरलेल्या आठांचं काय? रिवाइंडिंगचं काम रविवारपुरतं जमणारं नाही, त्याला जागा आणि दुकानात बसणारा माणूस लागतो. हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि तो उघडा असेपर्यंत नोकरी सोडायची नाही, असं नवरा-बायकोने मिळून ठरवलं आहे.

85 ची पायरी त्यांनी शेवटी चढली. मामांनी दोन कूलर करून घेतले आणि म्हणाले, ‘पैसे पाहू मग.’ यांनी सांगितलं, ‘मामा, उधारी ठेवत नाही.’ भाकिताच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मामा बोलणं टाकतील.’ झालंही तसंच. ‘काहून बाप्पा, आता मामाले हिशेब शिकवतो का?’ म्हणत त्यांनी नऊशे रुपये हातावर ठेवले आणि तीन आठवडे फोन केला नाही. मग एक दिवस मामांचा फोन आला. वहीत समोर लिहिलं आहे: ‘तीन आठवडे. सोसलं.’ त्याखाली पुढची पायरी: ‘बाबांना दुकानासाठी जागा बघायला सोबत नेणं. भीती 70.’