ग्रुपवरचं भांडण आणि एक ‘च’

“मॅडम, दोघांपैकी कुणाला काढू, एवढंच सांगा.”

खुर्चीत टेकायच्या आधीच शोभाताईंनी विचारलं. (नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.) वय ५८, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, लग्न होऊन विलेपार्ल्यात आल्या त्या एकाच बिल्डिंगमध्ये राहिल्या. फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं, कारण बीपीची गोळी वाढवूनही आकडा खाली येईना आणि रात्री दोनला झोप मोडायची. उठून त्या आधी फोन बघायच्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या त्या ॲडमिन.

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. कधी शाळेच्या बॅचचा ग्रुप असतो, कधी ट्रेकवाल्यांचा, कधी चुलत-मावस भावंडांचा. भांडणारे दोघं रात्री घोरत असतात, आजारी पडतो तो मध्ये उभा राहिलेला.

शोभाताईंची २४ फ्लॅटची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे काम पुढे सरकतं, पण ज्यांना ते नको होतं त्यांचा राग कुठे जात नाही, तो ग्रुपवर येतो. बिल्डिंग रिकामी झाली, पाडली गेली, सभासद बिल्डरच्या भाड्यावर पांगले. कुणी गोरेगावला, कुणी विरारला, कुणी डोंबिवलीत मुलाकडे.

भाड्याचे चेक दोन महिने उशिरा आले आणि ठिणगी पडली. देसाईकाका १९ वर्षं सेक्रेटरी होते. ते रोज पहाटे आयओडी (महापालिकेची बांधकाम-परवानगी), कॉर्पस (बिल्डरनं सभासदांना द्यायची ठोक रक्कम), बँक गॅरंटी यांवर लांबलचक लिहायचे. एका पहाटे पहिल्या मजल्यावरच्या निखिलनं उत्तर दिलं : “काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही बघतो.” काकांनी लिहिलं, “आम्हाला मोडीत काढलंत तर!” मग कुणीतरी जुने मिनिट्स काढले, कुणी “बिल्डर कुणी आणला?” विचारलं. रात्रीपर्यंत १४३ मेसेज, तिघं ग्रुप सोडून गेले. शोभाताई दोघांनाही ग्रुपवरच हात जोडत होत्या. “काका शांत व्हा” म्हटलं की निखिलच्या बाजूच्या म्हणून शिव्या, “निखिल, मोठ्यांशी असं बोलू नये” म्हटलं की दुसरीकडून.

शिवाय एक भीती त्यांनी आवाज खाली आणून सांगितली : “ॲडमिनला अटक होते म्हणे.” मी वकील नाही, पण एवढं माहीत होतं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये यावर निकाल दिला आहे. दुसऱ्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराचा गुन्हा, दोघांचा उद्देश एक नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून माथी येत नाही. हे ऐकून त्यांनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली. अर्थात धमकी, बाईमाणसावर घाण, जातीवरून शिवी असलं काही आलं तर त्याला मी वाद म्हणत नाही. स्क्रीनशॉट ठेवायचा, माणूस काढायचा, गरज पडली तर पोलीस ठाणं गाठायचं. तिथे समजुतीचा प्रश्न येत नाही.

निखिलचं ते वाक्य मी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं ते भांडल्यासारखं. मग म्हटलं, तुमचा मुलगा तुमच्या हातातून पिशवी घेताना हेच म्हणाला असता तर? पुन्हा वाचलं. शब्द तेच होते, “कशाला” या शब्दावरचा जोर तेवढा उतरला. त्या गप्प झाल्या. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी ईमेलवर केलेला असाच एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला उपरोध समोरच्याला ओळखता येईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज ७८ टक्के होता, वाचणाऱ्यांना तो बरोबर कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा आवाज घुमत असतो. वाचणाऱ्यापर्यंत नुसती अक्षरं पोचतात आणि सूर तो आपल्या पदरचा घालतो. काकांनी १९ वर्षांच्या सेक्रेटरीपदाचा सूर घातला.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्याच आठवड्यात मी सुचवलं, दोन दिवस ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे आणि कागदावर छान दिसते. झालं काय, तर शोभाताईंना सोडून बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत दुसरा ग्रुप काढला आणि तिथे पहिला विषय ‘हुकूमशाही’. माझ्या डोक्यात चिडलेली माणसं होती, घाबरलेली माणसं नव्हती. आधीच घर हातात नाही, त्यात बोलायची जागाही गेली.

मग मी शोभाताईंकडेच वळले. भांडण झालं की मनात कुठलं वाक्य येतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या ग्रुपवर भांडण होताच कामा नये. सगळ्यांनी गोडीनंच राहिलं पाहिजे.” मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि दोन अक्षरांना गोल केला : ‘होताच’मधला ‘च’ आणि ‘गोडीनंच’मधला ‘च’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी) उभी केली आणि जी कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, तिचा सगळा रोख या हट्टावर आहे. एलिसला त्यासाठी इंग्रजीत ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागतो, आपल्याकडे एका ‘च’मध्ये भागतं. भांडण होऊ नये ही इच्छा ठेवायला हरकत नाही. ‘च’ लागला की प्रत्येक टिंग आपली परीक्षा होते आणि बीपी निकाल लावतं.

‘च’ खोडायला त्यांना तीन आठवडे लागले. पहिल्यांदा म्हणाल्या, “म्हणजे भांडू दे त्यांना?” हो, थोडं भांडू दे. फोन रात्री दहानंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला. सकाळी चहा झाल्यावर हातात. एवढ्यावरही यजमान खूश झाले, पण गाठ तशीच होती.

माझं मत असं, की ग्रुपवरचं भांडण दोघांत नसतंच. २४ घरं बघत असतात म्हणून ते चालू राहतं. माघार घ्यायची तर सगळ्यांसमोर घ्यावी लागते. जुन्या बिल्डिंगमध्येही काका आणि निखिलचे वडील पार्किंगवरून भांडत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला जिन्यात गाठ पडे, कुणीतरी “पाणी आलं का हो?” विचारी आणि विषय संपे. बिल्डिंगबरोबर जिनाही पाडला गेला, याचा हिशेब कुठल्याच करारनाम्यात नाही.

म्हणून शोभाताईंनी दोघांना वेगवेगळा फोन करायचा ठरवलं. कोण बरोबर हे विचारायचं नाही आणि “मी तुमच्याच बाजूची” असंही म्हणायचं नाही. एकच प्रश्न : “तुम्हाला यात त्रास नक्की कशाचा होतोय?” आणि मग गप्प बसायचं. गप्प बसण्याची आम्ही खरंच तालीम केली. शोभाताई त्या स्वतः, काका मी, निखिलही मीच.

काका पंचवीस मिनिटं बोलले. डोंबिवलीत मुलाच्या वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये झोपतात, चारला जाग येते, दिवा लावला तर नातवाची झोप मोडते, म्हणून अंधारात फोनवर टाइप करत बसतात. निखिलनं आधी “काही नाही काकू” म्हटलं. मग सांगितलं, की भाड्याच्या घरमालकाला एक तारखेला पैसे लागतात आणि बिल्डरचा चेक उशिरा आला की कर्जाच्या हप्त्यातून काढावे लागतात. काकांना टोमणा मारला होता का? “नाही हो. त्यांचं पायाचं ऑपरेशन झालंय ना, म्हणून म्हटलं.”

हे त्यांनी काकांना लगेच सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. निरोप्या झालं की पुन्हा मध्येच उभं राहावं लागतं. ग्रुपवर त्यांनी एवढंच टाकलं : “चेकचा विषय रविवारी पाच वाजता, पार्ल्याला माझ्या भाड्याच्या घरी. तोपर्यंत त्यावर इथे नको. चहा आहे.” ११ जण आले. काका दादरला गाडी बदलून आले, गुडघा धरत. आवाज तिथेही चढले. निखिलनं खुर्ची पुढे केली आणि विचारलं, “पाय कसा आहे?” काका काही बोलले नाहीत, बसले. निघताना बिल्डरला द्यायच्या पत्राचा मसुदा काकांनी करायचा आणि निखिलनं टाइप करायचा असं ठरलं. मसुद्यातल्या स्वल्पविरामांवरून पुढे दोन दिवस वाद चालला.

चेक अजून वेळेवर येतातच असं नाही. शोभाताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा बीपीचा आकडा डॉक्टरांना पटण्यासारखा होता आणि फोन पर्समध्ये होता. गेल्या मंगळवारचं सांगून स्वतःच हसत सुटल्या. काकांनी पहाटे पाचला काहीतरी लांबलचक टाकलं. निखिलनं त्याखाली नुसता अंगठा ठेवला. साडेनऊला काकांचा फोन :

“शोभा, हा अंगठा उपरोधाचा आहे का गं?”